डॉक्टर निवडताना गूगलवरचे रिव्ह्यू कसे वाचावेत

तारे मोजण्याआधी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे तो दवाखान्यात लावलेला आणि प्रिस्क्रिप्शनवर, पावतीवर छापलेला असायला हवा. ॲलोपॅथीवाल्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दातांच्या डॉक्टरांच्या कौन्सिल वेगळ्या. पाटीवर लिहिलेली स्पेशालिटी आणि नोंदीतली पदवी जुळत नसेल, तर पुढे रिव्ह्यू वाचायचं कारणच उरत नाही.

मग सरासरी. ४.९ बघून हुरळू नका, शेजारी रिव्ह्यू किती आहेत ते पाहा. दहा जणांनी पाच-पाच तारे दिलेत आणि अकराव्याने एकच दिला, की आकडा ४.६ वर येतो. तोच एक तारा २०० पाचताऱ्यांनंतर पडला तर ४.९८, म्हणजे ढिम्म हलत नाही.

आता क्रम बदला: आधी सगळ्यांत नवे, नंतर सगळ्यांत कमी ताऱ्यांचे. एकाच आठवड्यात मजकूर नसलेले पंधरा-वीस पाचतारे दिसले, तर बहुधा काउंटरवर क्यूआर कोड ठेवून पेशंटला तिथेच रिव्ह्यू द्यायला लावलेत. हे खोटेच असतात असं नाही. पण रिसेप्शनिस्ट समोर उभी असताना कोण दोन तारे देईल? विकतचे ओळखायचे तर लिहिणाऱ्याच्या नावावर टॅप करा. त्याच आठवड्यात जयपूरचं फर्निचर, चेन्नईचा जिम आणि नाशिकचा हाडांचा दवाखाना, सगळीकडे पाच तारे असतील तर तो रिव्ह्यू सोडून द्या.

एक तारा दिलेले रिव्ह्यू मात्र शब्द न् शब्द वाचा. ‘सलाईन लावलं नाही’, ‘साध्या सर्दीला इंजेक्शन, अँटिबायोटिक काहीच दिलं नाही’ ही तक्रार आमच्या मते त्या डॉक्टरांची शिफारसच आहे. विषाणूने झालेल्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. ‘अपॉइंटमेंट असून अडीच तास बसवलं’, ‘पावती मागितली तर टाळाटाळ’, ‘तपासण्या अमुकच लॅबमध्ये करायला लावल्या’ अशा गोष्टी वेगवेगळ्या महिन्यांत तिघा-चौघांनी लिहिल्या असतील, तर त्या खऱ्या धरून चाला. निदान बरोबर होतं की चूक, हे मात्र पेशंटला सहसा कळत नाही. तिथे रिव्ह्यूचा उपयोग संपतो.

तक्रारीला उत्तर दिलं नाही म्हणून डॉक्टर दोषी धरू नका. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक असल्याने त्यांना चारचौघांत फारसं बोलता येत नाही. उलट उत्तरात कुणी पेशंटचा आजार उघड केला असेल, तर त्या दवाखान्यापासून लांब राहा.

मोठ्या हॉस्पिटलच्या रेटिंगमध्ये पार्किंग, कॅन्टीन, बिलिंग सगळं मिसळलेलं असतं. तिथे रिव्ह्यूंच्या शोधचौकटीत डॉक्टरांचं आडनाव टाका, आधी इंग्रजी आणि मग देवनागरी लिपीत.