सेक्रेटरी हिटलर कसे झाले? सोसायटीच्या ग्रुपवर या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सूचना पडते: ‘पाहुण्यांच्या गाड्या रात्री ११ नंतर आत नकोत.’ आठ-दहा उत्तरांत ‘मनमानी’ येते, मग ‘तुघलकी कारभार’, मग ‘आणीबाणी लागली का?’ जेवणाच्या वेळेपर्यंत सेक्रेटरी हिटलर झालेले असतात. गाडी मात्र गेटबाहेरच.

असं होतं, कारण दीडशे जण वाचत असतात आणि आधीच्यापेक्षा मवाळ शब्द वापरला की माघार घेतल्यासारखं वाटतं. शब्द चढतच जातात.

पहिली चूक गॉडविनचा नियम उलटा सांगण्याची. माइक गॉडविन या अमेरिकन वकिलाने १९९० साली यूझनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावरच्या चर्चा पाहून म्हटलं, की चर्चा जितकी लांबेल तितकी नाझींशी किंवा हिटलरशी तुलना होण्याची शक्यता १ च्या, म्हणजे खात्रीच्या, जवळ जाते. एवढंच. ‘हिटलरचं नाव घेतलं तो हरला’ ही लोकांनी मागाहून लावलेली शेपटी. ती वापरून कुणाचं तोंड बंद करणं ही पळवाटच.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मोठ्या तुलनेखाली स्वतःचं खरं गाऱ्हाणं गाडून टाकणं. पाठवण्याआधी तुलना ताडून बघा. आणीबाणी २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ होती: वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप, ‘मिसा’ कायद्याखाली खटल्याविना तुरुंगवास. तुमच्याकडे सर्वसाधारण सभेत ठराव बदलता येतो, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. जे जुळत नाही ते खोडा. मागे उरतं ते असं: ‘सभेत न मांडता नियम लावला.’ हे जिंकण्यासारखं आहे. मग लिहा, ‘ही सूचना कोणत्या सभेच्या ठरावावर आहे? ठराव क्रमांक आणि इतिवृत्ताची प्रत द्यावी.’ हिटलर म्हटल्यावर सेक्रेटरी नुसते चिडतील. याला उत्तर द्यावं लागेल.

(‘तुघलकी’ कधीकधी जुळतं बरं का. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला नेली आणि पुढे दिल्लीला परत आणली. दर महिन्याला पार्किंगचे नंबर फिरवणाऱ्या समितीने फार रागावू नये.)

ज्याला हिटलर म्हटलं गेलं तोही चुकतो. ‘कुठे हिटलर, कुठे मी!’ असं लिहिलं की पुढचे चाळीस मेसेज जर्मनीवर. त्या शब्दाला हात लावू नका. सकाळची मूळ सूचना रिप्लायमध्ये धरून एकच ओळ लिहा: ‘पाहुण्यांची सोय कशी करायची, पर्याय सांगा.’

ॲडमिनने भांडण तापलेलं असताना ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे सेटिंग लावू नये, ‘बघा, गळचेपी!’ म्हणायला आयता पुरावा मिळतो. आधी वेळ जाहीर करा, ‘रात्री १० ते सकाळी ८ ग्रुप बंद, विषय रविवारच्या बैठकीत,’ आणि ८ वाजता आठवणीने उघडा.