१७२ वरून १८२ वर जाताय? आधी घरी काय काय करून ठेवायचं

आमच्यातला एकजण पुढच्या महिन्यात सेसना १७२ या छोट्या विमानावरून जास्त ताकदीच्या १८२ वर जातोय. परवा फोनवर विचारत होता तयारी काय करू, तेव्हा घाईत जे सांगितलं तेच आता नीट लिहितो.

सगळ्यात आधी हँडबुक (विमानाची माहितीपुस्तिका) मागून घे, आणि "१८२ चं" असं मोघम नको, ज्या विमानात बसणार त्याच विमानाचं, कारण जुन्या १८२ ला कार्ब्युरेटरवालं कॉन्टिनेंटल इंजिन असतं आणि नव्या १८२टी ला फ्युएल इंजेक्शनवालं २३० हॉर्सपॉवरचं लायकमिंग, दोघांचे आकडे वेगळे. लायसन्सवर एन्डॉर्समेंट (या विमानाची नोंद) कशी होणार, चेक (उडवून दाखवायची परीक्षा) कोण घेणार, हे पण आत्ताच विचारून ठेव, कागदाची कामं शेवटच्या आठवड्यात कधी झालीयत का कुणाची?

मग तीन बॉलपेनं घे. काळं, निळं, लाल. थर्माकोलच्या तुकड्यात डावीकडून याच क्रमाने खोच, काळं थ्रॉटल (पॉवर), निळं प्रॉपेलर (पंख्याचा वेग), लाल मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), कॉकपिटमध्ये नॉब याच रंगाचे असतात. १७२ मध्ये निळं नव्हतंच, त्यामुळे हात तिथे जातच नाही. पॉवर वाढवताना उजवीकडून यायचं, लाल, निळं आणि शेवटी काळं. कमी करताना आधी काळं मग निळं. उलटं केलंस तर आरपीएम (मिनिटाचे फेरे) कमी आणि मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) जास्त असा भार इंजिनवर पडतो. मी हे रोज रात्री जेवण झाल्यावर डायनिंग टेबलवर करायचो, डोळे मिटून, तोंडाने "तेवीस इंच, चोवीसशे" (मॅनिफोल्ड प्रेशर आणि आरपीएम) असं पुटपुटत. आईला वाटायचं मी कसलातरी जप करतोय. हसू दे, पण विमानाचं तासाचं भाडं बघ आणि थर्माकोलचं बघ.

आरपीएम बघून पॉवर ओळखायची सवयही घरीच सोडून दे. आरपीएम आता गव्हर्नर, म्हणजे पंख्याची पाती आपोआप वळवणारं यंत्र, धरून ठेवतं. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला लागला की १७२ च्या जुन्या मॉडेलला काटा खाली यायचा आणि कळायचं, कार्ब्युरेटरवाल्या १८२ ला आरपीएम जागचा हलत नाही, मॅनिफोल्ड प्रेशर हळूहळू उतरतं. आणि बर्फाला थंडीच लागते असं नाही हं, मुंबईसारख्या दमट हवेत पॉवर कमी असताना पंचवीस डिग्रीलाही धरतो.

वजनाचा हिशोब कागदावर, खऱ्या माणसांची खरी वजनं घालून. चार सीटं आहेत म्हणून चौघं बसतील असं नाही. १८२टी ला माणसं, सामान, इंधन सगळं मिळून साधारण ५०० किलो घेता येतं, त्यात टाकी फुल म्हणजे ३२९ लिटर, २३७ किलो तिथेच गेले. उरले २६० च्या आसपास, म्हणजे तीन धडधाकट माणसं आणि बॅगा. (आमच्याकडे सगळे आपलं वजन पाच किलो कमीच सांगतात, ते धरून चाल.) अजून एक गंमत, टेकऑफला १,४०६ किलो चालतं पण लँडिंगला १,३३८ च. फुल लोडने उडालास की ६८ किलो इंधन जाळल्याशिवाय नॉर्मल लँडिंग नाही, म्हणजे जवळजवळ दोन तास. १७२ वर हा प्रश्नच कधी आला नव्हता.

उन्हाळा असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड (गरम, विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) पण काढ. आपण समुद्राला चिकटून राहणारी माणसं, आपल्याला उंचीची सवय नाही. पुण्याची उंची १,९०० फुटांच्या आसपास, पण ३८ डिग्रीला विमानाला ती पाच हजार वाटते, तिथे २३० हॉर्सपॉवर काही २३० राहत नाही.

आता नाक. १८२ चं नाक जड, आणि चेकच्या दिवशी पुढे तू आणि इन्स्ट्रक्टर, मागे कुणी नाही, म्हणजे अजूनच जड. १७२ सारखं दोन बोटांनी फ्लेअर करायला (टेकण्याआधी नाक उचलायला) गेलास तर नाक वर येत नाही, नोजव्हील आधी टेकतं, आणि वाकते ती फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत). वापरलेली १८२ घेताना लोक आधी तिथेच वाकून बघतात, यात काय ते समज. उपाय ट्रिम (हातावरचा जोर हलका करणारं चाक), फायनलला (रनवेसमोरच्या शेवटच्या टप्प्यात) जोर जाईपर्यंत ट्रिम मागे घेत राहा. पण याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. नोज-अप ट्रिम, फ्लॅप (पंखाच्या मागच्या झडपा) पूर्ण, आणि गो-अराउंडसाठी (लँडिंग सोडून पुन्हा वर जायला) फुल पॉवर दिलीस की नाक असं उसळतं की दोन्ही हातांनी पुढे रेटावं लागतं, सोबत रडरवर उजवा पाय. मी पहिल्यांदा केलं तेव्हा इन्स्ट्रक्टरचे हात माझ्याआधी योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) होते. तर खुर्चीत बसून हे पाठ कर: फायनललाच निळं पूर्ण आत, मग काळं आत, नाक दाब, उजवा पाय, फ्लॅप २० वर, स्पीड बघ, काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपा) उघड. १८२टी ला फ्लॅपचे स्पीड १४०, १२०, १०० नॉट असे पायरीने उतरतात, ते पण पाठ.

आदल्या दिवशी जास्त काही नाही. मुंबईत ट्रेनिंगचं फ्लाइंग असं उरलेलंच नाही, जुहूला हेलिकॉप्टरंच जास्त, त्यामुळे घाट चढून जावंच लागतं. मी डोंबिवलीहून पहाटे साडेतीनला निघालो होतो आणि सकाळी नऊला डाउनविंडवर (रनवेला समांतर उडायच्या टप्प्यावर) जांभया देत होतो, तू आदल्या रात्री जाऊन तिथेच झोप. पाणी, टोपी, लॉगबुक. आणि एक उशी, पॅनेल उंच आहे, माझ्यासारखा पाच फूट चार असशील तर रनवेऐवजी पॅनेलच दिसेल.

थर्माकोल मात्र घरी ठेव. मी नेला होता, हँगरमधली पोरं अजून ऐकवतात.