धडधड वाढली की लोक करतात त्या चुका

नागपूरच्या धंतोलीत ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, काढायचं माझं काम. "काल रात्री लई धडधडत होतं भाऊ, आता बरं वाटून राहिलं," हे ऐकून कान किटले. कालची धडधड आजच्या कागदावर कशी उमटेल?

इतवारीतल्या एका कापडवाल्या काकाजींचं हेच चाललं होतं. बसल्याबसल्या बटण दाबल्यासारखी धडधड सुरू, अर्ध्या तासाने तशीच एकदम बंद. ते इनो घेत, लिंबू-सोडा पीत आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येत. ईसीजी दरवेळी स्वच्छ. घरच्यांनी "टेन्शन घेता तुम्ही" म्हणून मोकळं व्हायचं. शेवटी एकदा दुकानातल्या पोराने धडधड चालू असतानाच त्यांना ऑटोत घालून आणलं. ठोके १९०, अगदी एकसारखे. एसव्हीटी, म्हणजे हृदयातल्या विजेच्या गडबडीने ठोके अचानक सुसाट पळणं! डॉक्टरांनी आडवं करून रिकाम्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं, लगेच पाय वर उचलले, ठोके खाली आले. पुढे ॲब्लेशन झालं, म्हणजे नसेतून तार घालून हृदयातली गडबड करणारी जागा निकामी केली. गॅस कधी नव्हताच. म्हणून धडधड चालू असतानाच निघा. नेहमीच्या डॉक्टरांच्या नंबराची वाट पाहू नका, ईसीजी मशीन असेल ते जवळचं ठिकाण गाठा.

दुसरी चूक म्हणजे घाईची नाडी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. जिना चढून आल्याआल्या मोजणाऱ्यांवर तर त्याहून नाही. पाच मिनिटं शांत बसा, मनगट धरा, पूर्ण एक मिनिट मोजा. बसून ६० ते १०० ठीक. पण मी आकड्याआधी ताल बघतो. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, असू शकतं. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन लकवा मारण्याची भीती असते, आणि साठीपुढच्या कित्येकांना छातीत काही जाणवतही नाही. हातातल्या स्मार्ट घड्याळाने बेताल ठोक्यांचा इशारा दिला तरी ईसीजी काढाच.

शेजारच्या काकूंची बीपीची गोळी "घेऊन पाहू" नका.

खर्रा तोंडात ठेवून धडधडीचं कारण विचारायला येऊ नका, तंबाखूने ठोके वाढतातच. मे महिन्यात पाणी कमी पडलं, ताप आला, सर्दीची गोळी किंवा दम्याचा पंप घेतला, तरी वाढतात. असं काही नसताना बसल्याबसल्या वारंवार शंभराच्या वर जात असतील, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्त कमी करणारा आनुवंशिक आजारही आहे, हे विसरू नका.

सोबत छातीत दुखणं, दम लागणं, घाम फुटून चक्कर किंवा शुद्ध हरपणं असेल तर १०८ लावा. अशा वेळी स्वतः ॲक्टिव्हा चालवत येणारे बहाद्दर मी पाहिले आहेत.

आणि धडधडीच्या वेळचा ईसीजी हाती आला की मोबाइलवर फोटो घ्या, झेरॉक्स काढा. कौतुकाने लॅमिनेशन करू नका; तो कागद बहुतेक थर्मल असतो, मशीनच्या उष्णतेने काळा पडतो.