पावसाळ्यात गिरणी तोट्यात जायची, ते कसं थांबवलं

आमची पिठाची गिरणी आहे. मे महिन्यात वाळवणं-मसाल्यांमुळे गल्ला भरलेला असतो, पण जुलै आला की सगळं उलटं. भाव वाढवायचा विचार होता पण त्याआधी खर्चाचे दोन ढीग केले.

पहिला ढीग म्हणजे शटर बंद असलं तरी द्यावाच लागणारा. भाडं ९,०००, पोऱ्याचा पगार १२,०००, आणि वीजबिलातला स्थिर आकार (हो, एक दाणा दळला नाही तरी तो येतोच) धरून मशीनचा हप्ता ३,०००. झाले २४,०००. दुसरा ढीग दळणाबरोबर वाढणारा, म्हणजे युनिटची वीज, दगडाची झीज, टाकी लावणं (गुळगुळीत झालेल्या दगडाला पुन्हा खाचा पाडणं), पट्टा, किलोमागे साधारण २ रुपये. दळणाचे ८ घेतो, म्हणजे हातात ६ राहतात, म्हणजे ४,००० किलो दळलं तर कुठे बरोबरीत. पावसाळ्यात होतं ३,००० च्या आसपास, म्हणजे सरळ ६,००० खिशातून.

मग पुढची अर्धी जागा एका पापडवालीला दिली, ती ४,५०० देते. शिवाय जवळच्या मेसचं ६०० किलो दळण ५ रुपयांनी घेतलं, घरचे म्हणाले एवढं स्वस्त कशाला, पण मशीन दुपारी रिकामंच असतं आणि पोऱ्याचा पगार काय तसाही द्यायचाच, त्यामुळे किलोमागचे ३ रुपये सुटतातच ना. २ च्या खाली मात्र कोणी मागितलं तर हात जोडायचे.

आता ३,००० किलोच्या महिन्यातही ३०० रुपये उरतात. थोडेच आहेत, पण उरतात.