धाकटं आलं आणि थोरलं बिथरलं: या चुका टाळा

बऱ्याच घरांत बाळ आल्यावर सुरुवातीला थोरलं मूल अगदी शहाण्यासारखं वागतं. लंगोट आणून देतं, पाळण्याशी गाणी म्हणतं. घरचे निर्धास्त होतात आणि एका दुपारी तेच मूल बाळाच्या अंगावर खेळण्यातली गाडी भिरकावतं. "इतकं छान चाललं होतं, मध्येच काय झालं?" हे पाहुणं परत जाणार नाही, एवढंच त्याच्या आत्ता लक्षात आलेलं असतं.

यात घाबरण्यासारखं फारसं नाही. पण या काळात मोठी माणसं काही ठरावीक चुका करतात आणि त्यातल्या बहुतेक नुसत्या बोलण्यातल्या असतात.

प्रत्येक नकाराचं खापर बाळावर फोडणं

"हळू बोल, बाळ झोपलंय." "आत्ता नाही, बाळाला पाजायचंय." "तुला कशी उचलू, बाळ आहे ना कडेवर!" दिवसभरात अशी वाक्यं किती वेळा तोंडून जातात ते एकदा मोजून बघा. तीन वर्षांच्या मुलीने त्यातून काय हिशेब मांडावा? आपलं जे जे हुकतं, ते या गाठोड्यामुळे.

कारण खरं असलं तरी दर वेळी बोलून दाखवायला नको. "माझे हात गुंतलेत, हे झालं की येते तुझ्याकडे" एवढ्यावर भागतं. मात्र झाल्यावर खरंच जायचं. शिवाय अधूनमधून बाळालाही थांबवा. ते उगीच कुरकुरत असेल, तर थोरलीला ऐकू जाईल असं म्हणा, "थांब रे जरा, मी ताईच्या बुटाचे बंद बांधतेय." बाळाला त्यातलं काही कळत नाही. ताईला सगळं कळतं.

पाजायच्या वेळी तयारी नसणं

नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. म्हणजे आई दिवसातले कित्येक तास एका जागी अडकलेली. नेमकं तेव्हाच पाणी सांडतं, भिंतीवर रेघोट्या उमटतात, कारण आई उठू शकत नाही हे थोरल्याने केव्हाच हेरलेलं असतं. ओरडून उपयोग नाही. बसण्याआधी त्याची शू, त्याचं पाणी उरकून घ्या. एक डबा फक्त याच वेळी उघडायचा ठेवा: चिकटचित्रं, ठोकळे, एखादं चित्रांचं पुस्तक. एरवी तो कपाटावर. दुसऱ्या कुशीला त्याला टेकून बसू द्या. गोष्ट सांगायला तोंड मोकळंच असतं.

"आता तू मोठा झालास"

कालपर्यंत तोच घरातला सगळ्यात लहान होता. सुटलेली सवय परत लागते, चड्डी ओली होते, बोबडं बोलणं सुरू होतं, बाटली हवी होते. अशा वेळी "शी, एवढा घोडा झालास" म्हणून लाजवलं की प्रकरण लांबतं. घ्या की मांडीवर, होऊ दे दहा मिनिटं बाळ! लक्ष मिळालं की सहसा काही आठवड्यांत हे आपोआप ओसरतं. शी-शू शिकवणं, पलंग वेगळा करणं, नवी शाळा, हे बदल बाळ यायच्या ऐन तोंडावर आणू नका. एक तर बरेच आधी, नाहीतर घडी बसल्यावर.

"तुला खेळायला भाऊ येणार"

येतं ते झोपणारं आणि रडणारं बाळ. सुरुवातीला त्याला जेमतेम २०-३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं; ओळखीचं हसू यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. हे आधीच सांगून ठेवा. दाखवायचंच तर बाळाच्या तळहातावर थोरल्याला बोट ठेवायला सांगा. बाळ ते घट्ट धरतं. ही उपजत प्रतिक्षिप्त क्रिया असते, पण ते सांगायची घाई कशाला?

ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी इंग्लंडमधल्या केंब्रिज इथल्या ४० कुटुंबांचा अभ्यास केला होता. ज्या आया थोरल्याशी बाळाबद्दल 'त्याला काय हवं असेल, का रडत असेल' असं बोलत, त्यांची मुलं पुढे धाकट्याशी जास्त मायेने वागताना दिसली. "का रडतंय ते, तुला काय वाटतं?" हा प्रश्न त्यासाठी पुरेसा आहे.

मारल्यावर प्रवचन

हात धरा. "मारू देणार नाही. राग आला तर मला सांग." बस. वर "सॉरी म्हण, पापा घे" नको. "बाळ परत देऊन टाका" म्हणाला तर दचकू नका, "कंटाळा आला ना त्याच्या रडण्याचा?" असं विचारा. आणि लहान मुलाला बाळाजवळ एक मिनिटही एकटं सोडू नका. राग नसतो तेव्हासुद्धा, कारण प्रेमाची मिठीही जोरात बसते.

"आता तुझे लाड बंद हं!" ही नातेवाइकांची थट्टा तिथल्या तिथे थांबवा. वाईटपणा आला तरी चालेल.

संपलं असं समजणं

बाळ रांगायला लागलं की दुसरी लाट येते. रचलेला मनोरा पाडला जातो आणि वर ऐकावं लागतं, "दे ना, ते लहान आहे." थोरल्याला बाळाचा हात पोचणार नाही अशी एक जागा द्या आणि अजिबात वाटून न घ्यायची दोन-तीन खेळणी त्यालाच निवडू द्या.

झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, मूल गप्प गप्प होत असेल किंवा बाळाला पुन्हा पुन्हा इजा करू पाहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. आईचंच मन सतत खचलेलं असेल, तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा.