ग्वाल्हेरच्या धुळीत इंजिन कसं सांभाळायचं

मे-जूनमध्ये आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार भागांत लू सुटली की बोनेटवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते, मग आत काय होत असेल विचार करा. सगळ्यात आधी एअर फिल्टर. कंपनीने दिलेले किलोमीटर पूर्ण व्हायची वाट बघू नका, आंधी येऊन गेली की खोलून बघा. मागच्या उन्हाळ्यात मी माझा काढला तर घड्यांमधून चमचाभर मऊ पिवळट माती निघाली! कागदी फिल्टर असेल तर पाण्याने अजिबात धुवू नका, आतल्या बाजूने बाहेर अशी हलकी हवा मारा, आणि काळा पडला असेल तर सरळ बदला. फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसलंय ना तेही बघा हं, फट राहिली तर बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा घासते.

आता इंजिनवर बाहेरून बसणारा तेलाचा थर. हा नुसता पुसून उपयोग नाही, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पट्टी, पाझरतं, त्यावर धूळ चिकटते आणि चिखलासारखा थर होतो, मग इंजिनची उष्णता नीट बाहेर पडत नाही. म्हणून आधी गळती बंद करा, ब्रीदरचा पाइप (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारा) चोंदलाय का तेही मेकॅनिकला बघायला सांगा. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्सला प्लास्टिकची पन्नी गुंडाळून डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) मारा, जुन्या ब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसा. वॉशिंगवाल्याला प्रेशरचं पाणी मात्र मारू देऊ नका, कनेक्टरमध्ये पाणी शिरतं.