डिस्कवर १०८०आय लिहिलंय? आधी अक्षता थांबवून पाहा

भाच्याच्या लग्नाची ब्लू-रे डिस्क लॅपटॉपला टीव्ही जोडून लावली. ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला आणि हवेत उडालेल्या एकेका अक्षतेला फणीसारखे दात फुटले. शूटिंगवाला म्हणाला टीव्हीचा दोष, टीव्हीवाला म्हणाला डिस्कचा. दोघेही निर्दोष निघाले. प्लेअरमधलं डीइंटरलेस, म्हणजे हे दात काढून टाकणारी सोय, मीच कधीतरी बंद करून ठेवली होती.

हे दात येतात कुठून? इंटरलेस्ड पद्धतीत (१०८०आयमधला ‘आय’ हाच) कॅमेरा १०८० ओळींचं अख्खं चित्र एकदम टिपत नाही. आधी एकाआड एक ५४० ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ५४०. या प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, दोन फील्ड मिळून झालेल्या अख्ख्या चित्राला फ्रेम. दोन फील्डच्या मधल्या वेळात मांडव जागचा हलत नाही, पण अक्षता खाली सरकते. दोन्ही अर्धी चित्रं तशीच एकत्र विणली की कडा फाटते. जुना डबा टीव्ही फील्डमागून फील्डच रेखाटायचा, म्हणून तिथे हे कधी दिसलं नाही. आजचा सपाट पडदा अख्खी फ्रेम एकदम दाखवतो.

सेकंदाला किती चित्रं, हे ठरलं विजेवरून. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० फील्ड, म्हणजे २५ फ्रेम. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे ३० फ्रेम होत्या. १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचं मानक आलं तेव्हा त्यांच्या २९.९७ झाल्या. सिनेमा मात्र बोलपट आल्यापासून २४ वर स्थिर आहे.

आता खरी मेख. साध्या ब्लू-रेच्या नियमांत १०८० ओळींचं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे अख्ख्या फ्रेमचं चित्र फक्त २४ किंवा २३.९७६ या वेगाला चालतं. २५ फ्रेमचं काही असेल तर ते इंटरलेस्ड म्हणूनच भरावं लागतं. मग अख्ख्या फ्रेमने चित्रित केलेला माहितीपटसुद्धा दोन फील्डमध्ये चिरून डिस्कवर ठेवतात. दोन्ही फील्ड एकाच क्षणाची, त्यामुळे जोडली की चित्र अखंड. वेष्टनावर मात्र १०८०आय. तेव्हा वेष्टनावर विसंबू नका, फ्रेम थांबवून पाहा.

कसं पाहायचं? लग्नाच्या डिस्कला सहसा कॉपी रोखणारं कुलूप नसतं. ती संगणकावर उघडा, बीडीएमव्ही फोल्डरमधल्या स्ट्रीम या फोल्डरात जा आणि सगळ्यात मोठी एम२टीएस फाइल शोधा. ती मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये टाका. फ्रेम रेट आणि स्कॅन टाइप या दोन नोंदी लिहून घ्या. स्कॅन टाइपपुढे इंटरलेस्ड किंवा एमबीएएफएफ (इंटरलेस्ड चित्र साठवण्याचाच एक प्रकार) आलं, तरी निकाल अजून लागलेला नाही. ते फक्त डब्याचं, म्हणजे चित्र ज्या रूपात भरलंय त्याचं, नाव झालं.

मग तीच फाइल व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लावा. व्हिडिओ मेनूतून डीइंटरलेस आधी बंद करा, नाहीतर प्लेअर दात परस्पर घासून टाकेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. आडवी हालचाल भरपूर असलेली जागा निवडा: वरात, फुगडी, मान वळवणारी वरमाय. तिथे थांबवून ई ही कळ एकेकदा दाबत दहा-बारा फ्रेम पुढे जा.

हलत्या प्रत्येक फ्रेमला दात दिसले, तर चित्रण खरंच ५० फील्डचं आहे. एकाही फ्रेमला नसले, तर ती डब्यात भरलेली अखंड २५. तिला हात लावू नका. फ्रेम रेट २९.९७ असून तीन फ्रेम स्वच्छ, पुढच्या दोन दातांच्या, पुन्हा तीन स्वच्छ असा ठेका लागला, तर तो मुळात २४ फ्रेमचा सिनेमा आहे, फील्ड पुन्हा पुन्हा वापरून ताणलेला. त्याला डीइंटरलेस नव्हे, डीटेलिसिन हवं. वाढीव फील्ड काढली की २४ फ्रेम जशाच्या तशा परत मिळतात.

खऱ्या ५० फील्डसाठी व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करून याडिफ २एक्स निवडा. प्रत्येक फील्डची एक फ्रेम होते, सेकंदाला ५०, आणि हालचाल कॅमेऱ्याने पाहिली तशी दिसते. ब्लेंड निवडलं तर दात जातात पण भुतासारखी सावली मागे राहते. डिस्कार्ड तर निम्म्या ओळी फेकूनच देतं.

विकतच्या सिनेमाची गोष्ट निराळी. तिथे दात क्वचितच, त्रास झटक्यांचा. कॅमेरा हळू सरकताना चित्र अडखळतं, कारण ६० हर्ट्झच्या पडद्यावर २४ फ्रेम बसवताना एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. प्लेअरच्या सेटिंगमध्ये २४पी (सेकंदाला २४ अख्ख्या फ्रेम) आउटपुट ऑटोवर ठेवा. टीव्हीची हालचाल गुळगुळीत करणारी सोय मी तरी बंदच ठेवतो. तिने सिनेमाची मालिका होते.

अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांतच संपला, तर तो २४ ऐवजी २५ ने पळवलेला असतो. आवाज दुरुस्त केलेला नसेल तर गाणीही किंचित चढ्या पट्टीत ऐकू येतात, गाणाऱ्या माणसाला लगेच खटकतं.

लग्नाची फाइल नातेवाइकांना पाठवायला बदलून घेणार असाल, तर फ्रेम रेट ५० ठेवा, २५ नको. फील्डचा क्रम ‘वरचं आधी’ असा निवडा. एचडीत बहुधा तोच असतो. उलटा झाला तर माणसं एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी थरथरत चालतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात नवरीने हार असाच घातला होता.